ताणावर सोडलेली बाग

मार्च लागला की आमच्या गल्लीत संत्र्याच्या फुलांचा वास येतो. फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलर गावात राहायला येऊन मला वीस-बावीस वर्षं झाली. शेजारच्या मेसामध्ये एकेकाळी बागाच बागा होत्या. त्या तोडून घरं उठली, पण कुंपणाच्या कडेची काही झाडं राहून गेली. ती दरवर्षी न चुकता फुलतात. समोर वाळवंट, त्यात हात वर करून उभे असलेले निवडुंग, आणि नाकाशी मात्र वरूड-मोर्शीच्या शिवाराचा वास. आमच्याकडे हा बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतो. इथं थोडा उशिरा येतो एवढंच.

याच दिवसांत इथं बेसबॉलवाले उतरतात. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे तीस संघ. त्यांतले पंधरा फ्लोरिडात जातात, पंधरा इथं, फिनिक्सच्या आसपास. फेब्रुवारीच्या मध्याला आधी पिचर आणि कॅचर येतात, मग चार-पाच दिवसांनी बाकीचे. मार्चअखेरपर्यंत सराव चालतो, सामने होतात, तिकिटं विकली जातात. आणि या सामन्यांचा निकाल कुठल्याही खात्यात धरला जात नाही. जिंका, हरा, सारखंच.

तरीही मी दर मार्चला एक दिवस रजा टाकून जातो. सामन्याला नाही, सकाळच्या सरावाला. मोठ्या स्टेडियमच्या मागं सरावाची पाच-सहा मैदानं असतात. तिथं जाळीला नाक लावून उभं राहता येतं. गवतावर दव असतं. पिचरनं टाकलेला चेंडू कॅचरच्या चामडी पंजात शिरतो तेव्हा होणारा आवाज टीव्हीवर कधीच ऐकू येत नाही. भिजलेली सोलापुरी चादर धुण्याच्या दगडावर आपटावी, तसा तो आवाज. एकाच वेळी सहा पिचर टाकत असले की घाटावर सहा बायका धुणं धूत असल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी मी असाच उभा होतो. जाळीपलीकडे दोन कॅचर. एकाच्या पाठीवर एकसष्ट आकडा, दुसऱ्याच्या चौऱ्याऐंशी. या शिबिरात पाठीवरचा आकडा वाचता आला की माणसाची पत्रिकाच वाचता येते. ज्यांची जागा पक्की, त्यांचे आकडे लहान आणि जुने. साठ-सत्तरच्या पुढचे म्हणजे उमेदवार, आणि ऐंशी-नव्वदचे बहुतेक करून पाहुणे. कॅचर तर प्रत्येक शिबिराला गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट बोलावतात. कारण साधं आहे. तीस-पस्तीस पिचर चेंडू टाकणार, तर समोर धरायला कुणीतरी नको? हंगामात संघ दोनच कॅचर ठेवतो. बाकीच्यांना आपण इथं कशासाठी आहोत हे ठाऊक असतं, आणि तरीही प्रत्येक जण आपण त्या दोघांतले एक, असं धरून खाली बसतो.

एकसष्ट बसला होता. कॅचरचा उघडा हात पाठीमागं दडवायचा असतो. यानं एका चेंडूला तो नकळत पुढं आणला. फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू वळला आणि थेट अंगठ्यावर बसला. तो ओरडला नाही. हात दोन मांड्यांमध्ये दाबून खाली वाकला, इतकंच. फिजिओ धावला. बाकावर चौऱ्याऐंशी आपल्या नडगीच्या पॅडचे पट्टे आवळत होता. त्यानं मान वर करून पाहिलं. मग पट्टा तसाच लोंबता ठेवून पाण्याची बाटली घेऊन तोही धावला, गुडघ्यावर बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आधी नजर, मग धाव. त्या दोहोंमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या कुणाला ते दिसलं असेल असं वाटत नाही. मला दिसलं, कारण ते अंतर मी ओळखतो. पस्तीस वर्षांपूर्वी मी त्यात राहून आलोय.

माझ्या मामाची संत्र्याची बाग होती, वरूडजवळ. दिवाळीनंतर तो बागेचं पाणी तोडायचा. ‘बाग ताणावर सोडली’ म्हणायचा. लहानपणी मला ते क्रूर वाटे. विहिरीत पाणी आहे, मोट-पंप सगळं आहे, आणि झाडं तहानेनं मलूल. पानं कोमेजत, पिवळी पडत, थोडी गळतही. मामा रोज संध्याकाळी बागेतून फिरायचा, पान दुमडून बघायचा, ढेकूळ फोडून बघायचा. महिना-दीड महिन्यानं एके दिवशी म्हणायचा, “उद्या ताण तोडू.” मग खत, वखरणी आणि पहिलं हलकं पाणी. दोन-तीन आठवड्यांत अख्खी बाग पांढरी. मरणाची चाहूल लागली की झाड फुलतं, असं तो सांगे. पण त्याच्या पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं: “ताण सगळेच देतात. तोडायचा कधी, ते ज्याला कळलं तो बागाइतदार.”

इथली शिबिरं बघताना मला मामाची बाग दिसते. साठ-सत्तर जण येतात, सव्वीस उरतात. पूर्वी पंचवीस उरत, 2020 पासून सव्वीस. मार्च सरत जातो तशी सकाळी कुणा ना कुणाला मॅनेजरच्या खोलीत बोलावणं येतं. दार लावून दोन मिनिटं बोलणं होतं. दुपारी त्याचा लॉकर रिकामा. कुणी खालच्या लीगमध्ये जातं, कुणी घरी. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटते. बाहेर कडेवर पोरं घेऊन आलेले आईबाप, उन्हाच्या टोप्या, सॉसेजचा वास, सगळी जत्रा. आत सगळे ताणावर.

शरीर हा ताण मोजून घेत नाही. पिचरच्या कोपराच्या आतल्या अंगाला एक लहानसा अस्थिबंध असतो. ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटर वेगानं चेंडू सुटतो, तेव्हा अख्ख्या हाताचा पीळ त्या एवढ्याशा दोरीवर येतो. 1974 मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरची ही दोरी तुटली. तोवर अशी दोरी तुटणं म्हणजे खेळणं संपणं. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढला आणि डाव्या कोपरात, हाडाला भोकं पाडून, ओवला. सोफ्याचा वेत तुटला की बुरूड नवा ओवतो, तसं. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. 1975 चं अख्खं वर्ष टॉमी जॉन बसून राहिला, 1976 मध्ये परतला, आणि सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत टाकत राहिला. शस्त्रक्रियेआधी त्याच्या नावावर 124 विजय होते, नंतर 164 आले.

आता त्या शस्त्रक्रियेलाच ‘टॉमी जॉन’ म्हणतात. ‘त्याचं टॉमी जॉन झालं’ हे वाक्य इथं ‘त्याचं लग्न झालं’ इतक्या सहज बोललं जातं. 2025 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर गेरिट कोल शिबिरातूनच शस्त्रक्रियेला गेला आणि त्याचा हंगाम सुरू होण्याआधी संपला. त्याच्या तीनच महिने आधी मेजर लीगनं पिचरांच्या दुखापतींवर एक अहवाल काढला होता. त्याचं सार मामाला एका वाक्यात कळलं असतं. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, अधिकाधिक वेगानं टाकायचा, आणि त्यासाठी हिवाळ्यातही हात थंड पडू द्यायचा नाही. दुखापतींचा आकडा शिबिराच्या दिवसांतच उसळतो, हेही त्यात होतं. पोरं फेब्रुवारीत येतात ती हात मोकळा करायला येत नाहीत. पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरायचं म्हणून येतात. म्हणजे बाग बारमाही ताणावर, आणि ताण तोडणारं कुणी नाही.

संघातली भांडणं मात्र त्या अर्ध्या सेकंदासारखी मुकी नसतात, निदान गाजतात ती तरी नाहीत. 1977 च्या वसंतात यांकीजच्या फोर्ट लॉडरडेलच्या शिबिरात रेजी जॅक्सन नवा आला. त्यानं एका मासिकाच्या लेखकापाशी मन मोकळं केलं: या संघाची चव आपल्यामुळं, कर्णधार थर्मन मन्सनमुळं नाही, अशा अर्थाचं. लेख छापून आला आणि लॉकर रूममध्ये बोलणं बंद झालं. जूनमध्ये मॅनेजर बिली मार्टिन आणि जॅक्सन टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर एकमेकांच्या अंगावर जायला निघाले. आणि ऑक्टोबरात तोच संघ जगज्जेता ठरला. शेवटच्या सामन्यात जॅक्सननं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन होमरन मारले. ओरडून झालेल्या भांडणानं संघ मोडतोच असं नाही. आमच्या गावाकडचे भाऊबंद बांधावर कुऱ्हाडी काढतात आणि तेराव्याला एकाच पंगतीत बसतात, त्यातला प्रकार.

मला छळते ती दुसरी गोष्ट, जी इथंच, फिनिक्समध्ये, सुरू झाली. 1951. यांकीज एरवी फ्लोरिडात सराव करत. पण एक मालक डेल वेब फिनिक्सचा, बांधकामवाला. आपल्या गावाला आपला संघ दाखवायची हौस त्यानं जायंट्सशी जागांची अदलाबदल करून त्या एका वर्षापुरती भागवली. त्या शिबिरात ओक्लाहोमाच्या शिशा-जस्ताच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा एकोणीस वर्षांचा पोरगा आला, मिकी मँटल. आणि मधल्या मैदानात उभा होता छत्तीस वर्षांचा जो डिमॅजिओ. अख्ख्या देशाचा लाडका, टाचेच्या हाडानं हैराण. हे बहुधा आपलं शेवटचं वर्ष, असं त्यानं त्याच शिबिरात बोलून दाखवलं. वाळवंटाच्या कोरड्या हवेत पोराचे फटके भिंतीपलीकडे दूर दूर जात होते, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळत होत्या. म्हाताऱ्यानं पोराचा दुस्वास केला असं नाही. त्याच्याशी तो फारसा बोललाच नाही. त्या मुक्या गारठ्याबद्दल मँटल पुढं आयुष्यभर सांगत राहिला.

ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज आली. पाच तारीख, दुसरा सामना. मँटल उजवीकडे, डिमॅजिओ मध्ये. म्हाताऱ्याची टाच दुखतेय, मिळेल तो चेंडू तूच धर, असं मॅनेजर केसी स्टेंगेलनं पोराला सांगून ठेवलेलं. समोरच्या जायंट्सच्या विली मेजनं उंच टोलवलेला चेंडू दोघांच्या मधोमध आला. पोरगा वाऱ्यासारखा सुटला. बेसबॉलमध्ये अशा वेळी मधल्या मैदानातल्याचा मान. त्यानं ‘माझा’ म्हणून आवाज दिला की बाकीच्यांनी थांबायचं. डिमॅजिओनं आवाज दिला, पण अगदी शेवटी. मँटलनं धावता धावता स्वतःला आवरलं आणि त्याच्या बुटाचे खिळे गवतात लपलेल्या पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात अडकले. गुडघा गेला. डिमॅजिओनं चेंडू झेलला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीतून हॉस्पिटलशी उतरताना पोरानं बापाच्या खांद्यावर भार टाकला, आणि बापच खाली कोसळला. तपासलं तर कर्करोग. बापलेक एका खोलीत, शेजारच्या खाटांवर पडून, उरलेले सामने टीव्हीवर बघत राहिले. पुढच्या मे महिन्यात बाप गेला. मँटल त्या गुडघ्यावर 1968 पर्यंत खेळला, 536 होमरन मारले. तो गुडघा शाबूत असता तर, हा विषय इथल्या म्हाताऱ्यांना आजही संध्याकाळभर पुरतो.

मला त्या गुडघ्यापेक्षा त्या आवाजाचं वाटतं. उशिरा का दिला? चेंडू आपला की पोराचा हे त्या क्षणी ठरत नसेल म्हणून? की वर्षभर ज्याच्याशी बोललो नाही त्याला हाक मारायला जीभ उचलत नव्हती? कुणालाच कळणार नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल.

आता माझं. अमरावतीत, कॉलेजच्या क्रिकेट संघात मी दुसरा यष्टिरक्षक होतो. दुसरा म्हणजे बारावा. पहिला माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यानं काही फरक पडत नसे. आम्ही मॅटिंगवर खेळायचो. काथ्याची मॅट ताणून कडेनं मोठे खिळे ठोकायचे. हे काम बाराव्याचं. सकाळी सातला हातोडा घेऊन मी मैदानावर असायचो. बावीस खिळे. एका कोपऱ्यात खाली मुरूम होता, तिथं खिळा धरत नसे. त्याला दहा घाव तरी घालावे लागत.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दुसऱ्या सामन्याच्या सकाळी मी त्या खिळ्याला तीन घातले. हात दुखत होते की कंटाळा आला होता, आठवत नाही. तीन घातले आणि उठलो, हे मात्र पक्कं आठवतं. दुपारी सीमारेषेवरून आलेल्या फेकीचा टप्पा नेमका त्या कोपऱ्यात, वर आलेल्या खिळ्यावर पडला. चेंडू उसळून आमच्या कीपरच्या उजव्या अंगठ्यावर बसला. हाडाचा आवाज मंडपात ऐकू आला असं सगळे नंतर म्हणाले. मला आला नाही. माझ्या मनात त्या क्षणी जे उमटलं ते ‘अरेरे’ नव्हतं. एक दार उघडल्यासारखं झालं, बस. मग मी धावलो, आणि सगळ्यांच्या आधी पोचलो. त्याचे ग्लोव्हज मीच हातातून हळूच ओढून काढले आणि तेच घालून उरलेली षटकं उभा राहिलो. आतून ते त्याच्या घामानं ओले होते.

त्या हंगामात मी पाच सामने खेळलो. बरा खेळलो. अंगठा बरा झाला तरी तो पुन्हा कीपिंगला उभा राहिला नाही. फलंदाज म्हणून खेळत राहिला. आमची दोस्ती तुटली नाही. आजही महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो. पण खिळ्याबद्दल मी त्याला कधी बोललो नव्हतो.

जागा अशाच रिकाम्या होतात. ज्यांना मिळतात त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यावं असंही काही नसतं. 2023 च्या फेब्रुवारीअखेर, इथून तासाभरावर पिओरियात, डॉजर्सचा गॅव्हिन लक्स दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे धावत होता. त्या वर्षी शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली, जागा पहिल्यांदाच पूर्णपणे त्याची झाली होती. समोरून येणारा चेंडू चुकवायला तो किंचित वाकला आणि गुडघा आतल्या आत फिरला. अख्खं वर्ष गेलं. त्याच्या जागी उभा राहिला मिगेल रोहास, चौतीस वर्षांचा. दीड महिन्यापूर्वी त्याला राखीव म्हणून आणलं होतं. पुढच्या वसंतात लक्स परतला. गुडघा सावरला, पण साधी फेक बिनसली. डोळ्यांसमोरची सोपी फेक भलतीकडे जाऊ लागली. मार्च 2024 मध्ये त्याला बाजूच्या जागेवर सरकवलं आणि आणखी वर्षभरात दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. रोहास मात्र राहिला. 2025 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बराच काळ तो बाकावरच होता. सातव्या, शेवटच्या सामन्यात, टोरांटोत, नवव्या डावात डॉजर्स एका धावेनं मागं असताना त्यानं होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या डावात संघ जिंकला. मी सोफ्यावरून उठून ओरडलो. मग बसलो, आणि लक्स आता कुठल्या खोलीत बसून हे बघत असेल, असं मनात आलं.

एकसष्ट-चौऱ्याऐंशीचं ते दृश्य पाहून घरी आलो त्या रात्री मी अमरावतीला फोन लावला. तिकडे सकाळ. तो चहा पीत होता, बशीचा आवाज आला. इकडचं-तिकडचं झालं. मग मी एका दमात सांगून टाकलं. कोपरा, मुरूम, दहाच्या जागी तीन.

तिकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “अबे, मले दिसला होता तो खिळा.”

“कधी?”

“दोन ओव्हर आधी. वर आलता. पायानं दाबून पाह्यला, नाही गेला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोनाले सांगू? आवाज द्याचा म्हटलं तं तूच येशीन हातोडा घेऊन.” तो हसला. “तुले मैदानात पाह्याची इच्छाच नोती मले.”

मीही हसलो. बराच वेळ दोघंही हसत होतो, म्हातारे हसतात तसे, मध्ये खोकत. मग तो म्हणाला, पाऊस नाही, बाग विकायचा विचार चाललाय, पोरं बघत नाहीत. मी म्हटलं, इथं फुलांचा वास येतोय. तो म्हणाला, “आमच्याकडचा बहार झाला बे, आता कैऱ्यांयेवढी फळं आहेत.” लिंबाएवढी म्हणायचं असेल. मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा नव्हती, तरी ऑफिसला जाताना गाडी मैदानाकडे वळवली. पाचच मिनिटं. एकसष्टचा अंगठा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता, तो जाळीशी खुर्ची टाकून बसला होता. चौऱ्याऐंशी त्याच्या जागेवर खाली बसून चेंडू घेत होता. पिचर भरात होता, आवाज घाटावरच्या धुण्यासारखा घुमत होता. एक चेंडू आत-बाहेर होत आला आणि चौऱ्याऐंशीचा उघडा हात पुढं सरकला.

“हात!” खुर्चीवरून एकसष्ट ओरडला.

हात पाठीमागं गेला. चेंडू पंजात शिरला. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बघितलं नाही.